अनावश्यक माघार

परातीत जाडी साखर पसरायची. त्यावर कडक झालेली शिळी पोळी ठेवायची. परात एका बाजूने हळूहळू उचलायची. बराच वेळ काही होत नाही. मग पोळी अख्खीच्या अख्खी, एकदम घसरते. आईला हे दाखवून झाल्यावर ऋजुता म्हणाली, "असं असतं ते." आई म्हणाली, "कळलं. आता साखर डब्यात कोण भरणार?"

*

घरातल्या जिन्याचा चढ साधारण तीस-पस्तीस अंशांचा असतो. बर्फाचे लोट सुटतात ते तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवरून. स्की करायला मजा येते, तेही नेमके हेच उतार.

*

सप्टेंबरात खोरांगच्या नाल्याला पूर आला. अंगमोच्या बटाट्याच्या शेताचा बांध गेला आणि पाहुण्यांसाठी बांधलेला नवा संडास गेला.

*

कड्याच्या पोटातली आडवी वाट. सात जण ओळीत उभे. सगळ्यांत लहान मुलीला पहिल्यांदा विचारलं. ती म्हणाली, "नको." सातही जण वळले, खाली उतरले, गावात कांदापोहे खाल्ले. का नको, ते तिला कुणी विचारलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

*

"तिकडे रेंज असते म्हणतेस, मग फोन का करत नाहीस?"

"आई, रेंज असते. हातमोजा काढायची हिंमत नसते."

*

अनावश्यक माघार. हजारांत चार.

*

फोनवरची ही शेवटची ओळ वाचून तन्मय पानसेने फोन चटईवर पालथा ठेवला.

"पाचवी," तो म्हणाला.

"मीही मोजतेय, दादा."

"पाचही तुझ्या."

"हो."

खोरांग हे गाव मनालीच्या वर, बोगद्याच्या पलीकडे. तिथल्या अंगमोच्या घराचा वरचा मजला या भावा-बहिणीने हिवाळ्यापुरता घेतलेला असतो. तन्मय बेचाळीसचा, ऋजुता अडतीसची. मोकळ्या डोंगरात स्की करू पाहणाऱ्यांना ते वर घेऊन जातात. तिथे दोरीचे पाळणे नाहीत, आखलेली वाट नाही. मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला केसाळ कातडी चिकटवून सकाळभर चढायचं, माथ्यावर ती सोलून काढायची आणि दुपारी एकदाच उतरायचं. त्या एका उतरण्यासाठी लोक वर्षभर गुडघ्यांचे व्यायाम करतात.

माथ्यावर, उतरण्याआधी, पानशांच्या गटात विचारायची पद्धत आहे. ती बाबांनी सह्याद्रीतल्या कड्यांवर घालून दिली. सगळ्यांत लहानापासून सुरुवात करायची, म्हणजे मोठ्याच्या तोंडाकडे बघून कुणी उत्तर देत नाही. एकाचा 'नको' आला की सगळ्यांनी फिरायचं. आणि कारण विचारायचं नाही, कारण विचारणार हे माहीत असलं की माणूस 'नको' म्हणायचं टाळतो.

तन्मय नेहमी सर्वांत मोठा, म्हणून नेहमी शेवटी. त्याच्यापर्यंत येईतो एक तर कुणी 'नको' म्हणालेलं असे, नाहीतर सगळे 'चला' म्हणालेले असत. मग तोही 'चला' म्हणे. त्याच्या तोंडून 'नको' ऋजुताने कधी ऐकला नव्हता.

"ऋजू," तो म्हणाला, "आज का नको म्हणालीस?"

तंदुरीत लाकूड सरकवणारा तिचा हात थांबला. तंदूर म्हणजे इथली खोलीच्या मधोमध असणारी लोखंडी शेगडी. शेगडीच्या दोन बाजूंना ऋजुता आणि तन्मय बसले होते.

"तू कारण विचारलंस."

"मी नाही विचारत. यंत्र विचारतंय, समिती विचारतेय, लोक विचारतायत. मी फक्त पुढे पाठवतोय."

"पायाखाली पोकळ वाटलं."

"वाटलं."

"काठी उलटी करून खुपसली तेव्हा हात एकदम खाली गेला. मध्ये काही धरतच नव्हतं."

"तुझी काठी एका भोकात जाते, ऋजू. त्यांची तार अख्ख्या उताराखाली आहे."

"बाबांच्या वेळी 'वाटलं' चालायचं."

"बाबांच्या वेळी संध्याकाळी निकाल लागत नव्हता."

अंगमो चहाची किटली घेऊन वर आली. ती हिंदीत बोले आणि या दोघांचं मराठी तिला आता निम्मंअधिक कळे. "तुमचं ते यंत्र रोज संध्याकाळी मार्क देतं," ती म्हणाली. "माझी सासूपण द्यायची. पण ती निदान जेवण झाल्यावर द्यायची."

*

कान

बर्फ थरांनी साठतं. थंड, निरभ्र रात्री वरची हवा उणे पंचवीस आणि खालची जमीन शून्याच्या आसपास. जमिनीकडची वाफ बर्फातून वर झिरपते आणि वाटेतल्या कणांवर पुन्हा गोठते. मऊ कण कोनदार होत जातात, वाढतात, एकमेकांना चिकटेनासे होतात. जाड्या साखरेसारखे. त्यावर वाऱ्याने आणलेलं बर्फ घट्ट पाट होऊन बसतं. पोळी आणि साखर. कुणीतरी पोळीवर पाय देतं, खाली साखरेचा एक कण मोडतो, मग शेजारचा. तडा माणसापेक्षा वेगाने पळतो.

कण मोडताना आवाज होतो. आपल्याला ऐकू न येणारा, पण होतो. हिमश्रुती नावाच्या कंपनीने तो ऐकायचं तंत्र बसवलं. केसाएवढी काचेची तार, वेष्टनात गुंडाळून, उन्हाळ्यात उतारावर चर खणून पुरायची. एका टोकाने तिच्यात प्रकाशाचे ठोके सोडायचे. काच कधीच पूर्ण निर्मळ नसते. तिच्यातल्या बारीक दोषांवरून थोडा प्रकाश उलटा येतो. तार कुठेही जराशी ताणली, जमीन जराशी थरथरली, की उलट येणारा प्रकाश बदलतो. त्यामुळे तारेचा प्रत्येक मीटर हा एक कान होतो. अट एकच. रुळाला कान लावावा तशी तार जमिनीला चिकटून हवी.

खोऱ्यातल्या लोकांनी यंत्राला नाव दिलं, कान.

पहिल्या दोन हिवाळ्यांत कानाने सांगितलेले उतार सुटले आणि त्यांवर कुणी नव्हतं. ऋजुताने तेव्हा आईला फोन करून सांगितलं होतं की आता काळजी नको. ते खरंच होतं. मेलेल्यांचा आकडा खाली आला, तो पुन्हा वर गेला नाही.

*

गेलो असतो तर

मग कंपनीने पुढची पायरी गाठली. कानाने दिवसभर जे ऐकलं त्यावरून संगणकात त्याच उताराची जुळी प्रत उभी राहते. जे गट मागे फिरले, त्यांची माणसं, वजनं, वळायच्या सवयी प्रतीत भरून त्यांना हजार वेळा खाली सोडतात. किती वेळा उतार सुटला, ते संध्याकाळी कळवतात. हजारांत दहापेक्षा कमी असेल तर माघार अनावश्यक.

वर जाणाऱ्या गटांची संख्या रोज ठरलेली असते. माघार घेणारा गट दुसऱ्याची जागा फुकट अडवतो, असं खोऱ्याच्या परवाना समितीचं म्हणणं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. एका मोसमात पाच अनावश्यक माघारी चालतात. सहावी झाली की पुढच्या मोसमापासून वरचे उतार बंद, खालच्या सपाट मैदानावर शिकवायचं.

पूर्वी मागे फिरलेल्या माणसाला कधीच कळत नसे की आपण वाचलो की उगाच घाबरलो. आता रोज कळू लागलं. बहुतेक उतार बहुतेक दिवशी सुटत नाहीत, त्यामुळे मागे फिरणारा बहुतेक वेळा चूक ठरू लागला.

*

धाव २०८. पहिला स्कीअर तळाशी. दुसरा तळाशी. तिसरा तळाशी. चौथा तळाशी. घटना नाही.

धाव २०९. घटना नाही.

धाव ६१२. पहिला स्कीअर तळाशी. दुसरा स्कीअर डाव्या कडेच्या खडकाजवळ असताना तडा. उतार पूर्ण रुंदीने सुटला. दुसरा स्कीअर पुरला, खोली दीड मीटर. धाव समाप्त.

*

"दुसरा स्कीअर म्हणजे मी," ऋजुता म्हणाली. तपशिलाचं पान उघडून ती चारही धावा वाचून दाखवत होती.

"नऊशे शहाण्णव वेळा तू खाली येऊन चहा पितेस. त्या वाच."

"दादा, हजारांत चार म्हणजे कमी असं त्यांनी ठरवलं. आपण हिवाळ्यात किती उतार उतरतो? बारा हिवाळे झाले. अजून किती करायचेत?"

"तुझं गणित बरोबर आहे. पण त्या गणिताने एकही दिवस बाहेर पडता येणार नाही."

"मी रोज नको म्हणत नाही."

"या मोसमात पाच वेळा म्हणालीस. आणि आज तर पाटीला नको म्हणालीस. पाटीला! खोऱ्यातला सगळ्यात शांत उतार. कंपनीवाले पाहुण्यांना दाखवायला आणतात तो."

पाटी हे नाव त्यांनीच दिलेलं. नाल्याच्या उगमावरचा तो उतार पाटीसारखा एकसंध, स्वच्छ. कानाच्या नकाशात तिचा खालचा टप्पा या वर्षी सर्वांत हिरवा होता. तिथून आवाजच येत नसे.

तन्मयने कपातला चहा एका घोटात संपवला. "मी विचार करतोय," तो म्हणाला, "पुढच्या हिवाळ्यात तू पुण्यातून बुकिंग सांभाळ."

तिने तपशिलाचं पान बंद करून फोन त्याच्याकडे सरकवला.

"तुला हाकलत नाहीये मी."

"मला माहीत आहे."

"दमलेली दिसतेस."

"दमलेच आहे. चढून नाही दमत मी. न कोसळलेल्या बर्फाचा रोज खुलासा द्यायचा, त्याने दमते."

तन्मय शेगडीच्या झडपेशी खेळत राहिला. "परवा मल्हार आणि इराला पाटीवर न्यायचंय," तो शेवटी म्हणाला. "सहावी झाली तर संपलं, ऋजू. एवढं लक्षात ठेव."

"म्हणजे मी चला म्हणू."

"तसं मी म्हणालो नाही."

"नाही म्हणालास."

*

मल्हार आणि इरा हे पुण्याचं जोडपं, तिशीच्या आतलं. दोघांनी युरोपात स्की शिकलेली. उत्साह मल्हारचा, तंत्र इराचं. गावाच्या कडेला चौघांनी एकमेकांचे बीकन तपासले. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाचा ठावठिकाणा सांगणारं ते यंत्र छातीवर बांधलेलं असतं. टिक-टिक ऐकून इरा म्हणाली, "हे जुनं झालं ना आता? कान असताना?"

"बेल्ट बांधून गाडी चालवता ना?" ऋजुता म्हणाली.

"माझी गाडी स्वतःच चालते."

"मग बांधा आणि बसा."

मल्हार हसला. चढ सुरू झाला. तन्मय पुढे वाट पाडत होता, ऋजुता सर्वांत मागे. बर्फ कोरडं होतं, पाऊल टाकलं की कुरकुरत होतं. वाऱ्याने रात्रीतून कड्यावरचं बर्फ उचलून पाटीकडे टाकलेलं दिसत होतं. एरवी ऋजुताने हे मोठ्याने म्हटलं असतं. आज पुढच्या माणसाच्या स्कीच्या टोकाकडे बघत ती चढत राहिली.

माथ्यावर ऊन होतं. पाटी खाली पसरली होती, तिच्यावर एकही रेघ नव्हती. तन्मयने फोन पुढे केला. संपूर्ण उतार हिरवा. खाली एकच शब्द: शांत.

"वा!" मल्हार म्हणाला.

सगळ्यांनी कातडी सोलली, घडी करून जॅकेटच्या आत घातली. मग तन्मयने नेहमीच्या सपाट आवाजात विचारायला सुरुवात केली. "इरा?"

"चला."

"मल्हार?"

"हे विचारायचंय होय? चला, चला."

"ऋजू?"

उत्तर देण्याआधी ती नेहमी काय करते, ते तिला माहीत होतं. काठी उलटी करायची. मुठीकडचं टोक शेजारच्या बर्फात हळूहळू दाबायचं. कुठे अडतं, कुठे सुटतं ते तळहाताने ऐकायचं. आज काठी शेजारी बर्फात सरळ उभी होती आणि तिने तिला हात लावला नाही. तिने उताराकडे पाहिलं. तिला काहीच वाटलं नाही. नको वाटायलाही थोडी ताकद लागते, आणि ती या पाच संध्याकाळींत संपली होती.

"चला," ती म्हणाली.

तन्मयने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या काठीकडे. काठीची मूठ वर, उन्हात, कोरडी. त्याने गॉगल कपाळावर सरकवला, पुन्हा डोळ्यांवर घेतला. मल्हारने बुटाची कडी दाबून बंद केल्याचा आवाज आला.

"नको," तन्मय म्हणाला.

काही क्षण कुणालाच कळलं नाही की तो कुणाशी बोलतोय.

"म्हणजे?" मल्हारने विचारलं.

"म्हणजे मागे फिरायचं. डोंगराच्या ज्या धारेने आलो त्याच धारेने. कातडी पुन्हा लावा."

"पण हिरवं आहे."

"आहे."

"शांत लिहिलंय."

"मीच दाखवलं तुम्हाला."

इराने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आम्ही तिघं चला म्हणालो ना? तीन विरुद्ध एक."

"मतदान नाहीये हे," तन्मय म्हणाला. तो खाली वाकून स्कीला कातडी चिकटवायला लागला होता.

मल्हार ऋजुताकडे वळला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण ओठ पांढरे पडले होते. "आम्ही हा एक दिवस धरून वर्षभर सुट्टी साठवली. निदान कारण तरी? तुम्ही विचारा त्यांना. तुमचे भाऊ आहेत."

ऋजुताच्या तोंडात तो प्रश्न तयार होता. सहावी, दादा. तूच म्हणाला होतास. तिने काठी उपसली आणि पट्टा मनगटात अडकवला.

"आमच्यात विचारत नाहीत," ती म्हणाली.

*

धारेवरून उतरणं म्हणजे स्की नव्हे. वाऱ्याने घासून टणक झालेलं बर्फ, मध्ये मध्ये दगड, आडवं घसरत जायचं, परत दोन पावलं चढायचं. इरा एकदा पडली आणि उठताना कुणाचाही हात तिने घेतला नाही. मल्हार फोनमध्ये बोलून काहीतरी नोंदवत होता. 'वेळ वाया' एवढे शब्द मागे ऐकू आले.

खिंडीत तन्मय थांबला. ऋजुता पोचेपर्यंत त्याने पाण्याची बाटली बाहेर काढून ठेवली होती.

"पाणी पी."

ती प्यायली. उजव्या हाताला, दोन वळणांपलीकडे, पाटीची खालची बाजू दिसत होती. तिच्यावर ढगाची सावली सरकत होती. कुठलाही आवाज नव्हता.

"गुडघा?" त्याने विचारलं.

"ठीक आहे. तुझा?"

"तो कधी ठीक असतो?"

*

धाव १. घटना नाही.

धाव २. घटना नाही.

धाव ३. घटना नाही.

*

निकाल चहाच्या वेळी आला. तन्मयने तो स्वतःच मोठ्याने वाचला. "अनावश्यक माघार. हजारांत एक." मग दुसरा संदेश, समितीचा: पुढील मोसमापासून वरचे उतार बंद. मग मल्हारचा तिसरा. तो त्याने वाचला नाही.

"एक," ऋजुता म्हणाली. "माझे चार होते."

"हो. माझी तुझ्यापेक्षा जास्त अनावश्यक."

अंगमो थुक्पाचं पातेलं घेऊन वर आली. दोघांची तोंडं बघून तिने पातेलं शेगडीवर ठेवलं. "आज कोण नापास?"

"मी," तन्मय म्हणाला.

"बरं झालं. ती बिचारी एकटीच नापास होत होती." तिने वाडग्यांत थुक्पा वाढला. "वर जायचं नाही, मग पुढच्या वर्षी येणार का नाही? मजला दुसऱ्याला देऊ?"

भावा-बहिणीने एकमेकांकडे पाहिलं.

"मैदानावर शिकवायला कोण येतं?" ऋजुताने विचारलं.

"सहा-सात वर्षांची पोरं," तन्मय म्हणाला. "मनालीच्या शाळांतली."

"त्यांनापण विचारायचं? सगळ्यात लहानापासून?"

"विचारलं तर आपण कधी मैदान सोडूच शकणार नाही. कुणीतरी नको म्हणेलच. कुणाला शू लागली असेल."

"ते कारण झालं. कारण विचारायचं नाही."

तन्मय हसला, पण ते हसू चेहऱ्यावर फार वेळ टिकलं नाही. तो वाडगा दोन्ही हातांत धरून बसून राहिला. बारा हिवाळे त्याने पाटीवर, तिच्या शेजारच्या उतारांवर, लोकांच्या आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या दुपारी घडवल्या होत्या. आता तो एकदम त्याच्या वयाचा दिसत होता.

"ऋजू."

"काय?"

"विचारायचं असेल तर विचार."

तिने शेगडीची झडप उघडली, आत एक लाकूड सरकवलं, झडप लावली. तिची काठी दाराशी टेकवलेली होती. मुठीवरचं बर्फ वितळायला हवं होतं. मुठीवर बर्फ नव्हतंच.

"नाही," ती म्हणाली. "आणि दादा, पुण्यातून बुकिंग मी बघणार नाही. मैदानावर येणार."

"ये."

"थुक्पा गार होतोय."

"खातोय."

*

सप्टेंबरच्या त्या पुरात पाटीच्या खालच्या टप्प्यातल्या चराची माती वाहून गेली होती. तिथे तार तुटली नव्हती. दगडांच्या मधून, जमिनीपासून वीतभर वर, नुसती लोंबत होती.